लीज संपते, डंप मागे राहतो : खाणींच्या टाकाऊ मातीची जबाबदारी कोणाची?

भूस्तर (धागाकर्ता)

गोव्यातील लोहखनिजाविषयी गेली अनेक वर्षे जी चर्चा चालते, ती प्रामुख्याने खाणी कधी सुरू होणार, त्या कोणाला मिळणार आणि ट्रकमालकांचे काय होणार या प्रश्नांभोवती फिरते. हे प्रश्न महत्त्वाचे आहेतच. परंतु डिचोली, सत्तरी, धारबांदोडा, सांगे आणि केपे या तालुक्यांत खाणींनी उभ्या केलेल्या मातीच्या डोंगरांचा, म्हणजे डंपांचा विषय निघतो तो त्यांत किती टक्के लोह शिल्लक आहे आणि ते विकून किती महसूल मिळेल एवढ्यापुरताच. हे डंप आणखी कित्येक पावसाळे तेथेच उभे राहणार आहेत आणि लीज संपल्यावर त्यांची देखभाल नेमकी कोणी करायची, याचे ठाम उत्तर प्रचलित नियमांत नाही. त्याविषयी सविस्तर बोलावे म्हणून हा धागा काढत आहे.

आधी प्रमाण पाहू. गोव्यात १ टन खनिज मिळवण्यासाठी साधारणपणे २.५ ते ३ टन माती उपसावी लागते. वरचा जांभा, त्याखालची पिवळी-तांबडी चिकणमाती, मँगनीज मिसळलेली काळपट माती आणि फिलाइट या खडकाचा गुलाबी भुगा हे सारे बाजूला केल्याशिवाय हेमॅटाइट या लोहखनिजापर्यंत पोहोचता येत नाही. अशा उपशातून साठलेल्या डंपांचा अंदाज ७० कोटी टनांच्या वर सांगितला जातो. पोर्तुगीज काळातील सवलतींतून आलेली लिजे आकाराने लहान, बहुतेक १०० हेक्टरांच्या आतली होती. खड्डा आणि डंप असे दोन्ही त्या हद्दीत मावत नसल्याने माती शेजारच्या खासगी आणि कोमुनिदादच्या (गावाच्या सामुदायिक मालकीच्या) जमिनींवर टाकली गेली आणि ती टाकताना खालचा ओहळ कोठून वाहतो, याचा विचार क्वचितच झाला. त्या मातीवर दरवर्षी सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो, आणि तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत.

या डंपांनी एकदा बाजारही पाहिला आहे. जी माती कमी प्रतीची म्हणून टाकून दिली होती, तिला चीनच्या पोलाद उद्योगाकडून मागणी आली आणि २०१०-११ मध्ये गोव्यातील बंदरांतून झालेली निर्यात ५ कोटी टनांच्या पुढे गेली. त्या काळात झाडे लावून स्थिर केलेले कित्येक जुने उतार पुन्हा उकरले गेले. पुढचा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाचा अहवाल सप्टेंबर २०१२ मध्ये संसदेत मांडला गेला आणि त्याच महिन्यात गोव्यातील खाणकाम थांबले. २१ एप्रिल २०१४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लिजांची मुदत २२ नोव्हेंबर २००७ रोजीच संपली होती असे सांगितले, लीजच्या हद्दीबाहेर डंप टाकणे कायद्यात बसत नाही असेही स्पष्ट केले, आणि अस्तित्वात असलेल्या डंपांचे काय करावे यावर तज्ज्ञ समितीकडून अहवाल मागवला. ७ फेब्रुवारी २०१८ रोजी ८८ लिजांचे दुसरे नूतनीकरण रद्द झाले. डिसेंबर २०२२ पासून नव्या पट्ट्यांचे लिलाव सुरू झाले.

या सगळ्या घडामोडींत जुना लीजधारक बाहेर गेला. नवा बोलीदार त्याला मिळालेल्या हद्दीपुरता बांधील आहे. जमीनमालकाकडे सातबारासारखा एक चौदाचा उतारा आहे, पण ४० मीटर उंचीचा डंप सांभाळण्याची ऐपत नाही. डंपातील खनिजावर हक्क सांगणारे अनेक आहेत. त्याच्या उताराला तडा गेला तर कोणाला बोलवायचे, हे मात्र पंचायतीलाही सांगता येत नाही.

नियम नाहीत असे नाही. २०१७ च्या खनिज संवर्धन व विकास नियमांत वरची सुपीक माती वेगळी साठवावी, डंपातील माती बाहेर वाहून पर्यावरणाला हानी पोहोचणार नाही अशा रीतीने तो सुरक्षित ठेवावा, शक्य तेथे माती खड्ड्यात परत भरावी आणि ते शक्य नसेल तेथे टप्पे पाडून उतारावर झाडोरा उभा करावा, असे सांगितले आहे. खाण बंद करण्याच्या आराखड्यासाठी वित्तीय हमीही घेतली जाते. ती २००३ मध्ये मोठ्या खाणींसाठी हेक्टरी २५,००० रुपये होती, २०१७ च्या नियमांत ३ लाख झाली आणि २०२१ च्या दुरुस्तीने ५ लाख झाली. म्हणजे १०० हेक्टर वापरात असलेल्या खाणीसाठी ५ कोटी रुपये. तिच्या डंपात १ कोटी टन माती असेल, तर टनामागे ५ रुपये पडतात. शिवाय ही हमी क्षेत्रफळावर ठरते. डंपाची उंची, उताराचा कोन, खालची वस्ती आणि पावसाचे मान यांचा तिच्याशी काही संबंध नाही.

माझे म्हणणे असे आहे की टाकाऊ मातीचे नियमन लीजला न जोडता प्रत्यक्ष ढिगाऱ्याला जोडले पाहिजे. लीज पन्नास वर्षांत संपेल, रद्द होईल किंवा लिलावात दुसऱ्याकडे जाईल. ढिगाऱ्याची नोंद, त्याची तपासणी आणि त्यासाठी बाजूला ठेवलेला पैसा मात्र ढिगारा स्थिर होईपर्यंत त्याच्यासोबत राहिला पाहिजे. खाणपट्ट्यात राहणाऱ्यांनी, खाणीत काम केलेल्यांनी आणि कायदा जाणणाऱ्यांनी या मुद्द्याची कसोटी घ्यावी, ही विनंती.

कुळागर

भूस्तर, आपण आकडे दिलेत, मी शेतात काय होते ते सांगतो. आमचे घर डिचोली तालुक्यात आहे आणि मी शिक्षकी पेशातून निवृत्त झालो आहे. आमच्या वाडीच्या वर एक डंप आहे. ती खाण कोणाची होती हे येथे सांगण्याची गरज नाही, कारण ती आता कोणाचीच नाही आणि अडचण तीच आहे.

डंपातून येणारी माती नदीच्या गाळासारखी नसते. नदीचा गाळ शेताला पोसतो. हा भुगा इतका बारीक असतो की पाण्यात तासन्‌तास तरंगत राहतो आणि शेतात स्थिरावला की वाळून त्याचा कठीण पापुद्रा बनतो. त्यातून पाणी मुरत नाही, भाताच्या रोपाला श्वास मिळत नाही, आणि नांगराने तो मोडला तरी पुढच्या पावसात पुन्हा तयार होतो. सरदाचे, म्हणजे पावसाळी भाताचे, पीक कसेबसे येते. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचे पीक, मात्र आमच्या भागात अनेकांनी सोडून दिले, कारण ज्या ओहळाच्या पाण्यावर ते होत असे, त्या ओहळाचे पात्रच भरून वर आले. कुळागरात पाट काढून पोफळीला पाणी द्यायचे, तर दर वर्षी पाटातील लाल चिखल आधी काढावा लागतो.

खाण चालू असताना निदान एक व्यवस्था होती. डंपाच्या पायथ्याशी जांभ्याची भिंत होती, भोवती चर होते आणि गाळ बसवण्यासाठी तळी होती. पावसाळ्याआधी कंपनीची यंत्रे येऊन तळ्यातील गाळ काढत आणि नुकसान झाले तर हंगामापुरती भरपाई मिळे. ती भरपाई पिकाची होती. बिघडलेल्या जमिनीची किंमत कोणी कधी केली नाही. खाणकाम थांबले तेव्हा यंत्रे गेली आणि तळी दोन पावसाळ्यांत भरून गेली. गाळाने भरलेले तळे हे तळे राहत नाही, त्यावरून पाणी सरळ पुढे जाते. आता तक्रार घेऊन गेलो की एक कार्यालय म्हणते लीज अस्तित्वात नाही, दुसरे म्हणते जमीन खासगी आहे, आणि तिसरे पाण्याचा नमुना घेऊन जाते.

खाणअभियंता

कुळागर सर, आपण वर्णन केलेली परिस्थिती मी स्वतः पाहिलेली आहे आणि तिच्याशी मी वाद घालणार नाही. परंतु या धाग्यात खाणीत काम करणाऱ्यांची बाजूही यायला हवी, म्हणून काही तांत्रिक गोष्टी मांडतो.

पहिली गोष्ट खड्डा परत भरण्याची. नियम 'शक्य असेल तेथे' असे म्हणतो आणि त्यामुळे टीका होते. मात्र ज्या खड्ड्याच्या तळाशी खनिज शिल्लक आहे, तो भरून टाकला तर ते खनिज कायमचे गाडले जाते. म्हणून खनिज पूर्ण संपेपर्यंत परवानगी देणारी यंत्रणाच भरावाला तयार नसते. लहान लिजे एकमेकांना लागून असल्याने एकाचा संपलेला खड्डा दुसऱ्याच्या मातीसाठी वापरणे कागदावर सोपे दिसते, पण हद्दी, मालकी आणि रॉयल्टीचे हिशेब आडवे येतात. लिलावाच्या वेळी काही जुनी लिजे एकत्र करून मोठे पट्टे केले आहेत, तेथे हे पूर्वीपेक्षा सोपे व्हायला हवे.

दुसरी गोष्ट, डंप नीट बांधणे अवघड नाही. सैल माती नैसर्गिकपणे ३५ ते ३७ अंशांच्या उताराने उभी राहते, पण तो तिचा शेवटचा तोल असतो. ठरावीक उंचीनंतर सपाट टप्पा सोडला, एकूण उतार २८ अंशांच्या आत आणला, टप्प्यांना आतल्या बाजूस ढाळ दिला, उतारावर काथ्याची जाळी अंथरली आणि पाणी पायथ्याशी न सोडता दगडी चरातून खाली आणले, तर असा डंप टिकतो. झाडांच्या बाबतीत मात्र माझ्या व्यवसायाने चुकीचा रस्ता धरला. लवकर हिरवे दिसावे म्हणून सगळीकडे ऑस्ट्रेलियन अकेशिया लावला गेला. त्याखाली गवत वाढत नाही, आणि पावसाचे थेंब अंगावर घेऊन माती धरून ठेवण्याचे काम गवत व झुडपेच करतात.

तिसरी गोष्ट, जुने डंप उचलून त्यांतील खनिज वापरणे याला सरसकट विरोध करू नये. डंप हलला तर जमीन मोकळी होते, नव्या डोंगराला हात न लावता खनिज मिळते आणि खाणपट्ट्यातील माणसाला काम मिळते. भारतीय खाण ब्युरोने हेमॅटाइटसाठी ठरवलेली लोहाच्या प्रमाणाची किमान मर्यादा ५५ टक्क्यांवरून ४५ टक्क्यांवर आणली, त्यामागेही हाच विचार होता. पूर्वी फेकलेले आज वापरता येत असेल तर ते वापरणे हे पर्यावरणाच्याच हिताचे आहे.

सावंतवाडीकर

गोव्याच्या सीमेला लागून असलेल्या दोडामार्ग तालुक्यातील कळणे येथे २९ जुलै २०२१ रोजी जे घडले, ते या संदर्भात विसरता येत नाही. खाणीच्या खड्ड्यात साठलेल्या पाण्याच्या दाबाने कडेचा मातीचा भाग फुटला आणि चिखलाचा लोंढा गावात, घरांत आणि बागायतीत शिरला. त्या दिवशी नारळ-पोफळीच्या ज्या बागा मातीखाली गेल्या, त्या उभ्या करायला एका पिढीचा काळ लागतो.

प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील पश्चिम घाट समितीने २०११ च्या अहवालात गोव्यातील अतिसंवेदनशील क्षेत्रातील खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद कराव्यात असे सुचवले होते आणि सिंधुदुर्ग-रत्नागिरीचा स्वतंत्र विचार केला होता. त्या अहवालावर वाद घालताना आपण खाण हवी की नको एवढेच बोललो. तोवर झालेल्या खड्ड्यांचे आणि ढिगाऱ्यांचे काय, यावर आमच्या जिल्ह्यातही चर्चा झाली नाही.

भूस्तर

खाणअभियंता, आपला प्रतिसाद मोलाचा आहे आणि डंप उचलण्याला माझाही तत्त्वतः विरोध नाही. परंतु जुना ढिगारा पुन्हा हाताळणे म्हणजे नव्याने खाणकाम करणेच होय, आणि तसे मानले नाही तर काय होते याचे उदाहरण दक्षिण आफ्रिकेतील यागर्सफाँटेन येथे आहे.

तेथील हिऱ्यांची खाण एकोणिसाव्या शतकात सुरू झाली आणि १९७१ मध्ये बंद पडली. मागे राहिलेल्या टाकाऊ ढिगाऱ्यांत थोडे हिरे शिल्लक होते. २००७ मध्ये तेथील उच्च न्यायालयाने एका प्रकरणात असा निर्णय दिला की जुन्या हक्कांखाली तयार झालेले असे ढिगारे नव्या खाण कायद्याच्या कक्षेत येत नाहीत, कारण ते जमिनीतील खनिज नसून वेगळी केलेली मालमत्ता आहे. पुढे त्या ढिगाऱ्यांवर प्रक्रिया सुरू झाली आणि उरलेला ओला गाळ एका बंधाऱ्यामागे साठत गेला. ११ सप्टेंबर २०२२ रोजी तो बंधारा फुटला. घरे वाहून गेली, जीवितहानी झाली, आणि राखाडी चिखल कित्येक किलोमीटर पसरला. खाण बंद होऊन तोवर अर्धे शतक उलटले होते.

गोव्यातील बहुतेक डंप कोरड्या मातीचे आहेत हे मला मान्य आहे. पण कमी प्रतीची माती धुऊन खनिज काढायचे झाले तर तिच्यातील बारीक चिकणमाती पाण्यासह कोठेतरी सोडावीच लागते. म्हणजे आज जो ढिगारा आहे, त्याच्या एका भागाचे उद्या ओल्या गाळाचे तळे होणार. ब्राझीलमधील ब्रुमादिन्यो येथे २५ जानेवारी २०१९ रोजी फुटलेला बंधारा लोहखनिजाच्या अशाच गाळाचा होता. त्यात २७० माणसे गेली. त्या बंधाऱ्यात नवा गाळ सोडणे काही वर्षांपूर्वीच बंद झाले होते आणि तो स्थिर असल्याचे प्रमाणपत्र आदल्याच वर्षी सल्लागार कंपनीने दिले होते. त्याआधी २०१५ मध्ये त्याच राज्यात मारियानाजवळचा बंधारा फुटून १९ जण दगावले आणि गाळ दोसे नदीतून थेट अटलांटिक महासागरापर्यंत गेला होता. तरीही, गाळावरच गाळ रचत बंधारा उंच करत नेण्याच्या त्या पद्धतीवर ब्राझीलने बंदी आणली ती ब्रुमादिन्योनंतर.

खड्डे भरण्याबाबत एक शंका नोंदवतो. गोव्यात भुगाभुगा झालेले खनिज हाच एक मोठा जलधर आहे. ते काढले की पाणी धरणारा थरच निघून जातो. त्याच्या जागी घट्ट चिकणमाती भरली तर जमीन सपाट दिसेल, पण विहिरींना पाणी येईलच असे नाही. त्यामुळे कोणत्या थरातील माती कोणत्या खोलीवर भरायची, हे भूजलाच्या अभ्यासावरून ठरायला हवे. अनेक खड्डे समुद्रसपाटीच्या खाली गेलेले आहेत, ही बाब तर अधिकच गंभीर आहे.

स्वानसीकर

मी बरीच वर्षे दक्षिण वेल्समध्ये राहतो. येथील कोळशाच्या खाणी बंद होऊन दशके झाली, तरी टेकड्यांवरचे काळे ढिगारे राजकारणाचा आणि अर्थसंकल्पाचा विषय आहेत, म्हणून येथील अनुभव सांगतो.

२१ ऑक्टोबर १९६६ रोजी सकाळी ॲबरफान गावाच्या डोक्यावरचा सातव्या क्रमांकाचा ढिगारा घसरून खालच्या प्राथमिक शाळेवर आला. १४४ जण मृत्युमुखी पडले, त्यांपैकी ११६ मुले होती. तो ढिगारा झऱ्यांवर रचलेला होता आणि गावकऱ्यांनी आधीच लेखी तक्रारी केल्या होत्या. चौकशीत पुढे आलेली एक गोष्ट या धाग्याशी थेट जुळते: खाणीच्या आतील सुरक्षिततेसाठी तपशीलवार कायदे होते, परंतु बाहेर रचलेल्या ढिगाऱ्याच्या स्थैर्यासाठी कायद्यात तरतूदच नव्हती. ती १९६९ च्या कायद्याने आली. गावावरचे उरलेले ढिगारे हटवण्यासाठी मृतांच्या कुटुंबांकरिता जमलेल्या मदतनिधीतून १,५०,००० पौंड घेतले गेले. ते परत मिळायला १९९७ साल उजाडले. पैशाची तरतूद आधी झालेली नसली की बोजा शेवटी कोणावर येतो, हे यातून कळते.

फेब्रुवारी २०२० मधील वादळात टायलर्सटाउन येथे एक जुना ढिगारा घसरला. सुदैवाने कोणी दगावले नाही. त्यानंतर वेल्स सरकारने बंद खाणींच्या सर्व ढिगाऱ्यांची यादी केली, ती अडीच हजारांच्या पुढे गेली. धोक्यानुसार त्यांची वर्गवारी झाली, सर्वांत धोकादायक ढिगाऱ्यांची नियमित पाहणी सुरू झाली, आणि २०२५ मध्ये यासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमणारा कायदा संमत झाला. ॲबरफाननंतर जवळजवळ साठ वर्षांनी. माझी कळकळ एवढीच आहे की गोव्याने आणि महाराष्ट्राने यादी करण्यासाठी दुर्घटनेची वाट पाहू नये.

कलम

या विषयावर न्यायालयीन काम केले असल्याने कायद्याच्या बाजूने काही गोष्टी मांडते.

घातक कचऱ्यासाठी २०१६ चे नियम आहेत. परंतु त्यांच्या पहिल्या अनुसूचीत फ्लाय ॲश (कोळशाची राख), रेड मड (ॲल्युमिना काढल्यावर उरणारा लाल गाळ), खाणींचे टेलिंग (खनिज काढून घेतल्यावर उरणारा गाळ) आणि खनिज धुताना निघणारा टाकाऊ भाग हे 'प्रमाण मोठे, परिणाम कमी' अशा वर्गात घालून घातक कचऱ्याच्या व्याख्येतून वगळले आहेत. परिणाम कमी हे प्रतिटन खरे असेलही. पण कोट्यवधी टन एका खोऱ्यात आणि एका ओहळाच्या उगमावर साठवले असतील, तेव्हा प्रतिटन हिशेब शेतकऱ्याच्या काय उपयोगाचा?

त्यानंतर अधिकारांची विभागणी पाहा. डंपाची रचना खाण आराखड्यात असते, तो नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्युरोकडे जातो. उताराची सुरक्षितता धनबादच्या खाण सुरक्षा महासंचालनालयाकडे, पण ती प्रामुख्याने कामगारांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने. ओहळाचे पाणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. वनजमीन असेल तर वनखाते. चालू खाणीच्या बाबतीत या चौघांना एकत्र आणणारा एक दुवा असतो, तो म्हणजे लीजधारक. तो गेला की चारही धागे सुटतात. कुळागर सरांना तीन कार्यालयांत जो अनुभव आला, त्याचे मूळ येथे आहे.

राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाच्या २०१० च्या कायद्यातील कलम १५ नुसार नुकसानभरपाई आणि पर्यावरण पूर्ववत करण्याचे आदेश मागता येतात. मात्र अर्ज करण्याची मुदत दाव्याचे कारण प्रथम उद्भवल्यापासून पाच वर्षे आहे आणि सबळ कारण असल्यास आणखी साठ दिवस. डंपामुळे होणारी हानी हळूहळू साठत जाते. ती प्रथम केव्हा उद्भवली हे ठरवण्यातच प्रतिपक्षाचे वकील सुनावणी खर्ची घालतात. 'प्रदूषण करणाऱ्याने भरपाई द्यावी' हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील बिछडी प्रकरणात १९९६ मध्ये ठामपणे मांडले, परंतु कंपनीकडून पैसे वसूल करण्याचा प्रश्न घेऊन त्याच न्यायालयाला २०११ मध्ये पुन्हा आदेश द्यावा लागला. म्हणून नंतरच्या दाव्यांपेक्षा आधी घेतलेली हमी महत्त्वाची. अमेरिकेत १९७७ च्या कायद्यानुसार कोळसा खाणीसाठी घेतला जाणारा बाँड असा ठरवावा लागतो की मालकाने काम सोडून दिले तर सरकारी यंत्रणेला त्या रकमेत ते पूर्ण करता यावे. हेक्टरी ठोक रक्कम आणि प्रत्यक्ष खर्चावर आधारलेली रक्कम यांतला हा फरक आहे.

खाणबाधितांसाठी असलेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा निधी यासाठी वापरावा असे काही जण सुचवतात. तो निधी बाधित गावांच्या पाणी, आरोग्य, शिक्षण यांसाठी आहे. त्यातून डंपाची भिंत बांधणे म्हणजे बाधितांच्या पैशातून बाधा दूर करणे होय आणि मला ते न्याय्य वाटत नाही.

इरईकाठ

चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खुल्या खाणींचे ओबीचे (ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरून काढलेल्या मातीचे) ढिगारे इरई आणि वर्धा नद्यांच्या काठांवर उभे आहेत. आमच्याकडे डोंगर नव्हते, आता आहेत. नदीच्या पूररेषेत ढिगारा आला की पाण्याला पसरायला जागा राहत नाही आणि ते समोरच्या काठावरच्या वस्तीत व शेतात शिरते. येथील काळ्या कसदार जमिनीवर ओबीची माती बसली की कापूस आणि सोयाबीन दोन्ही जातात. ढिगाऱ्यात कोळशाचा अंश असल्याने तो आतून धुमसतो, हा आमच्याकडचा वेगळा त्रास.

चांगल्या बाजूनेही एक गोष्ट सांगायला हवी. नागपूर जिल्ह्यात भानेगाव आणि गोंडेगाव येथे वेकोलिने (वेस्टर्न कोलफिल्ड्स या सरकारी कंपनीने) ओबीतून वाळू वेगळी करण्याचे काम केले आणि ती घरकुलांसाठी दिली गेली. नदीतील वाळूचा उपसा कमी करण्याचा तो एक चांगला मार्ग आहे. मात्र वाळू काढल्यावर उरणारी चिकणमाती पुन्हा कोठे ठेवली जाते, हे भूस्तर यांनी उपस्थित केलेल्या मुद्द्याच्या प्रकाशात तपासायला हवे.

खाणअभियंता

यागर्सफाँटेनचा मुद्दा मला पटला. डंप हाताळण्यासाठी खाण आराखड्याच्या तोडीचा स्वतंत्र आराखडा, त्यात धुण्यानंतर उरणाऱ्या गाळाचा पूर्ण हिशेब आणि काम अर्धवट थांबले तर उतार कोणत्या अवस्थेत सोडायचा याचे बंधन असायला हवे. डंप अर्धा उकरून सोडणे हे तो न उकरण्यापेक्षा अधिक धोकादायक असते आणि २०१२ मध्ये अनेक ठिकाणी नेमके तेच झाले. बंदीचा आदेश देताना गाळाची तळी, चर आणि पंप यांची देखभाल चालू राहील अशी सक्तीची व्यवस्था आदेशातच असली पाहिजे.

मोठ्या रकमेच्या हमीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. प्रत्यक्ष खर्चाइतकी हमी पहिल्या दिवशी मागितली तर ती मोठ्या कंपन्यांनाच परवडेल. त्याऐवजी डंपात पडणाऱ्या प्रत्येक टनामागे रक्कम जमा होत जावी. माती जितकी जास्त टाकाल तितके जास्त भराल, म्हणजे कमी माती टाकण्याचे कारणही मिळेल. ही रक्कम कंपनीच्या ताळेबंदात न राहता वेगळ्या खात्यात राहावी आणि लीज कोणाकडेही गेली तरी ते खाते त्या डंपाच्या नावे राहावे.

कुळागर

टनामागे रक्कम आणि डंपाच्या नावे खाते, ही सूचना मला शेतकरी म्हणूनही समजते आणि पटते. आमच्या भागात नव्या पट्ट्यांसाठी जनसुनावण्या होतात, तेथे आम्ही पाणी आणि धूळ यांविषयी बोलतो. डंपांविषयी नेमके काय मागावे, हे कोणी सांगितले तर बरे होईल.

कलम

कुळागर सर, २००६ च्या पर्यावरण प्रभाव अधिसूचनेनुसार सुनावणीआधी किमान ३० दिवसांची सूचना द्यावी लागते आणि अहवालाचा मसुदा पंचायतीत पाहायला मिळतो. त्यातील डंपांचे प्रकरण आधी काढा. हद्दीच्या आतील आणि बाहेरील प्रत्येक जुना डंप सर्व्हे क्रमांकासह नकाशावर दाखवला आहे का, त्याची उंची आणि उतार दिले आहेत का, खालचा ओहळ आणि सर्वांत जवळचे घर किती अंतरावर आहे, हे पाहा. जे नाही ते लेखी मागा. तोंडी बोललेलेही इतिवृत्तात येते, पण त्याचा सारांश कोणी कसा करील याचा भरवसा नसतो.

दुसरे, मागण्या अशा शब्दांत द्या की त्या मंजुरीपत्रात अट म्हणून उतरवता येतील. 'गाळाची योग्य व्यवस्था करावी' असे लिहिले तर त्यातून काहीच निष्पन्न होत नाही. 'प्रत्येक गाळतळे ३१ मेपूर्वी रिकामे करून त्याची छायाचित्रे व मोजमाप पंचायतीला द्यावे', 'हद्दीबाहेरील ज्या डंपांचे पाणी पट्ट्यातून वाहते त्यांच्या पायथ्याची भिंत बोलीदाराने सांभाळावी', 'काम कोणत्याही कारणाने थांबले तरी ही देखभाल चालू राहावी' अशी वाक्ये द्या. मंजुरीच्या अटींचे पालन कसे होते, याचा अहवाल प्रकल्पधारकाला दर वर्षी १ जून आणि १ डिसेंबर रोजी सादर करावा लागतो. जूनचा अहवाल पंचायतीने मागवून घेतला आणि पहिल्या मोठ्या पावसानंतर ओहळाची स्थिती त्याच्याशी ताडून पाहिली, तर तक्रार कोणत्या अटीच्या भंगाची आहे हे नेमके लिहिता येते. मंजुरीलाच आव्हान द्यायचे असेल तर हरित न्यायाधिकरणात अपिलाची मुदत ३० दिवसांची आहे, त्यामुळे मंजुरीपत्र संकेतस्थळावर येताच त्याची प्रत काढून ठेवावी. आपल्या पंचायतीकडे मसुदा आला असेल तर डंपांच्या प्रकरणाची पाने येथे चढवा, मी आणि खाणअभियंता मिळून ती वाचू.